निजल्या जागी पान लागलं

मृणाली मोकल वकिलीणबाईंची स्कूटी जाळली ती परक्यांनी नाही, गावच्याच माणसांनी.

रविवारी सकाळी ती धरमतरच्या खाडीकाठी आपल्या माहेरी आईला भेटायला गेली होती. गाडी देवळापाशी लावली, आईनं चुलीवर चहा ठेवला आणि तेवढ्यात बाहेर काहीतरी तडतडायला लागलं. ओटीवर येऊन पाहते तर देवळासमोर काळ्या धुराचा लोट उठलेला. सीट वितळून थेंबाथेंबानं खाली गळत होती. भोवती गावची माणसं हाताची घडी घालून उभी होती. त्यांतली निम्मी तिच्या लग्नात पंगतीला बसलेली. कुणी पळालं नाही, कुणी तोंड लपवलं नाही. मधोमध पोपट म्हात्रे उभा होता. जळकी काडी त्यानं पायाखाली दाबली आणि शांतपणे तिच्याकडं वळला.

"तू आमची पोर हायेस गो, म्हणून गाडीच जाळली," तो म्हणाला. "त्या डॉक्टरचं वकीलपत्र सोड. नायतर दुसऱ्या वक्ताला गाडीवर तूपण असशील."

आता हे वैर कशाचं, ते आधी नीट सांगायला हवं.

पोपटचा धाकटा भाऊ गोविंदा धक्क्यावर बार्ज रिकामे करायच्या कामाला होता. आईबाप लवकर गेलेले. पोपटनंच त्याला खांद्यावर खेळवून मोठा केला, मिठागरात स्वतः राबून शाळेत घातला, लग्न करून दिलं. एके दिवशी डबल शिफ्ट करून गोविंदा घरी आला, जेवला आणि नेहमीसारखा तंबाखूचं पान गालात धरून जमिनीवरच आडवा झाला. पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला आणि उलट्या करू लागला. त्याची बायको शांती दिवा लावून पाहते तर भाताच्या कणगीखाली काळंभोर, पांढऱ्या पट्ट्यांचं, चकचकीत काहीतरी शिरताना तिला दिसलं.

ती मण्यार होती. मण्यारीची रीत निराळी आहे. नाग फणा काढतो, फुरसं चावलं तर पाय सुजतो, पण मण्यार निजलेल्या माणसाला गुपचूप चावते. दात सुईच्या टोकाएवढे, त्यामुळं जखम दिसत नाही, सूज नाही, रक्त नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग जीभ अडखळते आणि शेवटी श्वास घ्यायची ताकदच राहत नाही. पण त्या वेळी कुणी बाहेरून श्वास देत राहिलं, तर माणूस पुष्कळदा वाचतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. या गोष्टीतलं सगळं रक्त तिच्याभोवती सांडलेलं आहे.

पोपट म्हणाला, विष उतरवणाऱ्या भगताकडं नेऊ. शांतीनं त्याचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मोठ्या दिराचा शब्द मोडला, शेजाऱ्याची रिक्षा बोलावली आणि नवऱ्याला घेऊन पेणच्या वाटेला लागली. हायवेला लागून एक खासगी हॉस्पिटल आहे, तिथं. कॅज्युअल्टीत डॉ. सुशील खरगोणकर ड्यूटीवर होता. इंदूरच्या मराठी घरातला मुलगा, पेणला येऊन त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दुपारच्या आत गोविंदा मेला. तोवर पोपट टेम्पो भरून माणसं घेऊन पोहोचला होता. त्यांनी काचा फोडल्या, सलाईनचे स्टँड वाकवले, केसपेपर, रजिस्टर, सगळं बाहेर काढून पेटवून दिलं. कॅमेरे काठीनं खाली पाडले. एका वॉर्डबॉयचे दात पाडले. डॉक्टरला पाय धरून पायऱ्यांवरून ओढत रस्त्यावर आणलं. पोलीस आले तेव्हा तो गटाराच्या कडेला पडलेला होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशांना वळलेली होती.

त्यातून दोन खटले उभे राहिले. एक पोपट आणि त्याच्या माणसांवर मारहाणीचा. त्यात तो जामिनावर सुटला. दुसरा डॉक्टरवर, की त्यानं सर्पदंश ओळखला नाही, हलगर्जीपणा केला आणि माणूस मेला. पेणमधल्या कुणाही नावाजलेल्या वकिलानं हा दुसरा खटला घेतला नाही. मृणालीनं घेतला. ती पेण आणि रोहा दोन्हीकडच्या कोर्टांत काम करायची, फौजदारीत तिचा हात बसलेला होता, आणि कुणी घेत नाही म्हटलं की तिला ते काम घ्यावंसं वाटायचं. हा तिचा गुण की खोड, यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कधी एकमत झालं नाही.

डॉक्टरला पेणमध्ये राहायची सोय उरली नव्हती. तो रोह्याला, कुंडलिकेच्या काठी एका खोलीत राहत होता. मृणाली पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा तो डाव्या हातानं भात कालवत होता. उजव्या हाताच्या तीन बोटांत सळया घातलेल्या होत्या आणि करंगळी वळतच नव्हती. खिडकीला त्यानं आतून फळी ठोकली होती. दारावर थाप पडली की त्याचा घास हातातच राहायचा.

तिनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. रुग्ण वाकून चालत आला, ओकत होता, तोंड लालभडक. बाईला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, पान लागलं.

मृणालीचं पेन थांबलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "हेच शब्द?"

"हेच. मी विचारलं, तंबाखूचं का? ती व्हय म्हणाली. मी विचारलं, कधी? तर म्हणाली, पहाटं, निजल्या जागी. मॅडम, झोपताना तंबाखू गालात ठेवून निजलेली माणसं मी डझनानं पाहिलीत. रस गिळला जातो, चक्कर येते, उलट्या होतात. आमच्या इंदुरात त्याला पान लागलं असंच म्हणतात."

मृणालीला मात्र गावची बोली ठाऊक होती. खाडीकाठी सापाचं नाव घेत नाहीत. घरात दंश झालेलं माणूस असताना तर मुळीच नाही, नाव घेतलं की विष चढतं म्हणतात. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. आणि चावला असंही म्हणत नाहीत. म्हणतात, पान लागलं. लहानपणी तिनं एकदा अंगणात साप साप म्हणून ओरडल्याबद्दल आईची चापट खाल्ली होती. शांतीनं या माणसाला अगदी खरं आणि अगदी स्वच्छ सांगितलं होतं. यानंही अगदी स्वच्छ ऐकलं होतं. तंबाखूचं का, असं यानं विचारलं तेव्हा बिचारीला वाटलं असेल, नवरा तंबाखू खातो का विचारतोय.

तिनं अर्थ सांगितला. डॉक्टरनं ताट बाजूला सारलं.

"पण पापण्या," तो म्हणाला. "पापण्या मी पाहिल्या होत्या, मॅडम. मिटत होत्या. डबल शिफ्ट करून आलाय म्हणाली, मला वाटलं झोप आलीय. ते माझं चुकलं. ते शब्दावर ढकलता येणार नाही."

पुढचंही त्यानं सांगितलं. तासाभरानं श्वास उथळ झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं नळी घातली, हवेचा फुगा जोडला आणि स्वतः हातानं दाबत बसला. व्हेंटिलेटरची अँब्युलन्स अलिबागहून निघाली होती. सापाच्या विषावरचं औषध सिस्टर भरत होती. छाती वरखाली होत होती, नाडी लागत होती. तेवढ्यात दार फुटलं. सिस्टर टेबलाखाली गेली. तो ओरडला, मला धरू नका, हा मरेल. पोपटला तेवढंच ऐकू आलं, हा मरेल. त्यानं ऑक्सिजनच्या सिलेंडरचा पाना उचलला आणि फुग्यावरच्या हातावर घातला. एकदा नाही. हात सुटेपर्यंत.

"कुणी पाहिलं?"

सिस्टरनं नोकरी सोडली होती, ती फोनसुद्धा उचलत नव्हती. कॅमेरे गेले होते. मेलेल्या माणसाच्या तपासणीत विष सापडलं, पण छाती किती वाजेपर्यंत हलत होती हे कसं सापडणार? सरकारी पक्ष म्हणत होता, पोपट यायच्या आधीच गोविंदा गेला होता.

"ती बाई होती," डॉक्टर म्हणाला. "कोपऱ्यात. तिनं सगळं पाहिलं."

परतीच्या एसटीत मृणालीनं सगळा हिशेब मनाशी मांडला. डॉक्टरला सोडवणारे दोन्ही शब्द एकाच बाईच्या तोंडात होते, आणि ती बाई पोपटच्या घरात राहत होती. त्यातला पहिला शब्द निघाला तर गाव म्हणणार, नवऱ्याला हिच्या जिभेनं मारलं. दुसरा, फुगा कुणामुळं सुटला हा, निघाला तर पोपट भावाचा मारेकरी ठरणार. डॉक्टरला वाचवायचं तर शांतीला उघड्यावर आणायचं, असा तो खटला होता.

स्कूटी जळली त्या रविवारी तिची आई, धोंडुबाई, हेच म्हणाली. बादल्या ओतून आग विझल्यावर माणसं पांगली. धोंडुबाई ओटीवर बसून लेकीच्या पायावरच्या ठिणगीच्या चट्ट्याला खोबरेल लावत होती. तिनं सांगितलं की पोपटनं शांतीला घरात कोंडून शिकवलंय, कोर्टात काय बोलायचं ते. चुकली की मारतो. परवा तर तापवलेल्या उलथन्यानं मांडीला चटका दिला. शेजारणींनी किंकाळी ऐकली आणि दारं लावून घेतली.

"तो शब्द तू कोर्टात काढशील नं," धोंडुबाई म्हणाली, "तर ती पोरगी आठ दिस जगायची नाय. खाडीत गाळ कमी हाय काय गो?"

"आणि नाही काढला तर तो पोरगा तुरुंगात जाईल, आई. हात तर गेलाच आहे."

"मंग सोड वकीलपत्र."

"सोडलं तर दोघंही मरतील. मग निदान मी तिथं नव्हते, एवढंच समाधान."

 धोंडुबाईनं तेलाचा हात लुगड्याला पुसला.

मृणालीनं कोर्टात अर्ज दिला, की साक्षीदार बाईला धोका आहे, संरक्षण द्यावं. सरकारी वकील हसला. आमच्याच साक्षीदाराची काळजी बचावाच्या वकिलाला, म्हणाला. न्यायाधीशांनी मात्र साक्षीच्या दिवशी एक हवालदार नेमला. एकच. त्या रात्री मृणालीच्या घराच्या खिडकीतून दगड आला आणि नवऱ्याची भुवई फाटली. टाके घालून घेताना तो एवढंच म्हणाला, की तुझी केस जिंकायचीच असली तर आता जिंक, माझं कपाळ काही फार मोठं नाही.

साक्षीच्या दिवशी पेणचं कोर्ट भरून गेलं होतं. धक्क्यावरची माणसं भिंतीला टेकून उभी होती. पोपट पुढच्या बाकावर, पांढऱ्या सदऱ्यात. डॉक्टर आरोपीच्या जागी, वाकडा हात मांडीवर झाकून. शांती पिंजऱ्यात आली तेव्हा पदर गळ्यापर्यंत ओढलेला होता आणि डाव्या गालाचा रंग उजव्यापेक्षा निराळा होता.

सरकारी वकिलाला तिनं घोकलेली उत्तरं दिली. डॉक्टरला स्पष्ट सांगितलं का? सांगितलं. साप चावला असं सांगितलं? सांगितलं. त्यानं लक्ष दिलं? नाय दिलं. प्रत्येक उत्तरानंतर तिची नजर पहिल्या बाकाकडं जाऊन परत येत होती.

मृणाली उलटतपासणीला उभी राहिली. एक गोष्ट तिच्या कानानं टिपली होती. इतक्या उत्तरांत शांतीनं साप हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तो शब्द सरकारी वकीलच उच्चारत होता, ती नुसती सांगितलं म्हणत होती.

डॉक्टरच्या हातावर पाना घातल्याची गोष्ट तिनं बाजूला ठेवायची ठरवली होती. तेवढं ती या बाईकडून मागणार नव्हती. फक्त शब्द विचारायचा, बाकी जे करायचं ते कायद्याच्या जोरावर करायचं.

"शांतीबाई," ती म्हणाली, आणि मग कोर्टाची भाषा सोडून गावच्या भाषेत वळली. "मी तुझ्याच गावची हाय गो. तुझ्या घरच्या कणगीखाली काय शिरलं, त्याचं नाव घे बघू."

शांतीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"घे नाव. डॉक्टरला सांगितलंस म्हणतेस नं? मग इथंपण सांग."

"जनावर," शांती पुटपुटली.

"डॉक्टरला जनावर म्हणालीस?"

"नाय."

"काय म्हणालीस?"

पहिल्या बाकावर पोपट पुढं झुकला. शांतीनं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. 

"पान लागलं म्हणाले मी," शांती म्हणाली. "निजल्या जागी पान लागलं."

न्यायाधीश मुंबईत वाढलेले होते. त्यांनी लेखनिकाला थांबवलं आणि विचारलं, पान लागणं म्हणजे काय? शांतीला सांगता येईना. तिनं एक बोट कठड्याच्या लाकडावर ठेवलं आणि नागमोडी फिरवत नेलं. कोर्टातल्या प्रत्येकाला कळलं. मागच्या भिंतीपाशी कुणीतरी कचकचून शिवी दिली. हिनंच मारला, हिच्या जिभेनं मारला, अशी कुजबुज पाण्यासारखी पुढं सरकत आली. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला.

मृणाली खाली बसायला वळली. तिचं काम झालं होतं. पण शांती पिंजऱ्यातून हलली नाही. माणूस पुरात पडला की आधी काठाला धरायला धडपडतो, आणि काठ सुटला की एकदम पोहायला लागतो, तसं तिचं झालं असावं.

"पण तो जिता होता," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज भिंतीपर्यंत पोचला. "डॉक्टर हातानं फुगा दाबत होता. मालकांची छाती वर येत होती, मी पायाशी बसून बघत होते. पाय गरम होते. मंग हे आले, आणि त्याच्या हातावर पाना घातला. हात मोडला तवा छाती थांबली. मी वरडले, हात सोडा, हात सोडा. मलापण लाथ घातली."

"हे म्हणजे कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

मोठ्या दिराचं नाव तिकडच्या बायका घेत नाहीत. तिनं फक्त बोट दाखवलं. पहिल्या बाकावरची जागा रिकामी होती. पोपट केव्हाच उठून गेला होता.

सुट्टी झाली. मृणालीनं हवालदाराला बजावलं की बाईला एकटी सोडू नका, जीप येईपर्यंत आतच बसवा. तो हो म्हणाला. पण शांतीला पाणी हवं होतं, आतला माठ रिकामा होता, आणि फाटकाबाहेर नळ होता. इतक्या साध्या कारणानं ती बाहेर पडली. मृणालीला पॅसेजमधून ती जाताना दिसली, हवालदार दोन पावलं मागं होता, आणि फाटकापाशी शहाळेवाल्याची गाडी उभी होती.

पोपट त्या गाडीच्या आडून आला. शहाळ्यात रोवलेला कोयता त्यानं उपटून घेतला. शहाळेवाला ओरडायच्या आत पहिला घाव बसला. शांतीनं हात आडवा घातला होता, तो कोपराच्या वर उघडा पडला. दुसरा घाव खांद्यात, काखेच्या कडेला. रक्त टोपल्यातल्या हिरव्या शहाळ्यांवर उडालं. हवालदारानं काठी घातली, ती कोयत्याच्या एका फटक्यात उडाली. मृणाली धावत गेली आणि हातातली फायलींची पिशवी तिनं दोन्ही हातांनी मधे धरली. तिसरा घाव पिशवीत रुतला, कागद चिरत तिच्या तळव्यापर्यंत आला. तिला दुखलं नाही. तिला पोपटचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत रागापेक्षा भीती जास्त होती. कोर्टात आज ऐकलेलं त्याला गोविंदा गेला त्या सकाळपासूनच ठाऊक होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

मग काळे कोट त्याच्यावर तुटून पडले. रिक्षावाले, शहाळेवाला, ज्याला जे हाताला लागलं ते घेऊन. लाथांखाली तो पालथा पडला, तोंडातून दात आणि रक्त एकत्र बाहेर आलं. तो मार चुकवत नव्हता. गोविंदा, गोविंदा, एवढंच म्हणत होता. मघा न्यायाच्या गोष्टी करणारी माणसं त्याला चेचत होती, आणि हवालदार आता त्यालाच वाचवायची धडपड करत होता.

डॉक्टर सुशील त्या गर्दीत गेला नाही. तो शांतीपाशी गुडघ्यावर बसला होता. काखेतून रक्त उसळत होतं. त्यानं डाव्या हाताची मूठ आत रोवली. मूठ घसरली. मग वाकडा उजवा हात वर ठेवला, बोटं वळेनात म्हणून मनगटानं दाबलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. एक सळई त्याच्या कातडीतून बाहेर आली. त्यानं दात आवळले आणि दाब सोडला नाही.

"रिक्षा," तो म्हणाला. "माझा हात काढू नका. कुणीही काढू नका."

त्याला तसाच, तिच्या अंगावर वाकलेला, रिक्षात चढवला. मृणाली तळव्याला रुमाल गुंडाळून पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. रामवाडीवरून रिक्षा निघाली आणि हायवेच्या त्याच हॉस्पिटलच्या दारात थांबली. दुसरं जवळ नव्हतं.

खटल्याचा निकाल पुढं पावसाळ्यानंतर लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की चुकणं वेगळं आणि बेपर्वा असणं वेगळं. या डॉक्टरनं विचारायचं ते विचारलं, ऐकलं ते मनावर घेतलं, आणि चूक उमगल्यावर हात मोडेपर्यंत ती निस्तरली. तो निर्दोष सुटला. पापण्यांचं मात्र त्यानं स्वतःला माफ केलं नाही. तो आता रोह्याला बाह्यरुग्ण बघतो, आणि कुणी काहीही सांगितलं तरी म्हणतो, म्हणजे काय झालं, मला हातानं दाखवा. लोक त्याची चेष्टा करतात. दाखवतात मात्र.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. कॅज्युअल्टीच्या दाराला आता लोखंडी जाळी होती. जाळीआड एक तरुण डॉक्टरीण उभी होती. एवढं रक्त आणि मागून धावत येणारी माणसं पाहून तिचा हात कडीवरच थिजला होता.

"उघडा," मृणाली म्हणाली. "आम्ही मारायला नाही आलो."

कडी निघाली. स्ट्रेचर आलं. डॉक्टर सुशील काखेवर हात दाबून तसाच स्ट्रेचरबरोबर आत गेला, त्याच पलंगाशी, जिथून त्याला पाय धरून ओढला होता. डॉक्टरिणीनं दिवा ओढला, कात्रीनं बाही कापली आणि सवयीनं विचारलं, काय झालं?

सुशीलनं तोंड उघडलं. शांतीनं त्याच्याकडं पाहून मान हलवली. तिचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला होता, ओठ सुकले होते, पण एकेक शब्द ती सुटा सुटा बोलली, ऐकणाऱ्याला दुसरं काही वाटू नये असा.

"कोयता मारला," ती म्हणाली. "माझ्या मोठ्या दिरानं. पोपट म्हात्रे. कणगीखाली साप होता, तवा मी नाव नाय घेतलं. आता घेते. पोपट म्हात्रे. लिवा."